कडेची माणसं

पूर ओसरला की कोल्हापुरात कुठल्या दुकानांपुढं रांगा लागतात, असं विचारलं तर बाहेरचा माणूस दूध, फिनेल, मेणबत्त्या अशी नावं घेईल. फोटो स्टुडिओ त्याच्या डोक्यातही येणार नाही. पण घरात रेशनकार्डाचा लगदा झालेला असतो, पासबुक गेलेलं असतं, पोरांचे दाखले गेलेले असतात, आणि दुबार कागद काढायचा म्हटलं की अर्जाला पासपोर्ट साइज फोटो लागतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. ५५ हा आकडा मात्र कुणाच्या ऐकण्यात नव्हता. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. आमचा स्टुडिओ मंगळवार पेठेत, उंचावर, म्हणून वाचला. लाइट आली तसं शटर वर केलं, आणि पुढचे काही दिवस आम्ही जेवढे पासपोर्ट काढले, तेवढे ॲडमिशनच्या हंगामातही निघत नाहीत.

एकेक चेहरा बघण्यासारखा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगात कुणीतरी मदत म्हणून दिलेला, खांद्यावर उतरणारा शर्ट. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या कितीतरी पासबुकांवर तो उसना शर्ट अजून असेल.

एरवी पासपोर्ट झाला की माणूस पैसे टेकवून निघतो. तेव्हा तसं होत नव्हतं. माणूस स्टुलावरनं उठायचा, काउंटरपाशी घुटमळायचा आणि मग दाराबाहेर ठेवलेली पिशवी आत घेऊन यायचा. प्रयाग चिखलीच्या एका आजींनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला अल्बम माझ्यापुढं ठेवला. पानं फुगून एकमेकांना घट्ट बसली होती, कडेनं काळपट पाणी पाझरत होतं. ''वैनी, ह्येचं काय हुतंय का बगा की,'' आजी म्हणाल्या. मी बघितलं, आणि त्या अल्बममागनं त्या पावसाळ्याचं आमचं सगळं काम आलं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी स्टुडिओत आहे. सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते फिनिशिंग आर्टिस्ट. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करणाऱ्या पिढीतले. मी आधी डार्करूममध्ये मदतीला, मग फोटो छापणाऱ्या मिनीलॅबवर, आता कॉम्प्युटरवर. पण एकदा छापून गेलेला फोटो परत धुवायला येतो, हे काम आमच्या धंद्यात नव्हतं. २००५ च्या पुरानंतरही भिजलेले अल्बम घराघरात निघाले होतेच; लोकांनी ते उन्हात वाळवले आणि वाळल्यावर टाकून दिले. कुणी आमच्याकडं आणले नाहीत आणि आम्हीही कुणाला आणा म्हणालो नाही.

फोटो भिजतो म्हणजे काय होतं, हे सांगायला पाहिजे. कागदावर चित्र ज्या थरात असतं तो थर जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला पदार्थ. कोरडा असेपर्यंत शंभर वर्षं टिकेल, पण घाण पाण्यात पडला की जंतूंना ते आयतं जेवण. म्हणून भिजलेल्या अल्बमला नुसता चिखलाचा वास येत नाही, सडल्याचा येतो. रंगीत फोटोत रंगांचे तीन थर असतात: सगळ्यांत वर निळसर, मध्ये गुलाबी, तळाला पिवळा. जंतू कडेनं आत शिरतात आणि वरनं खाली खातात. आधी निळा जातो, मग तो भाग तांबडा-केशरी दिसायला लागतो; मग गुलाबी जातो आणि पिवळा उरतो; शेवटी पांढरा कागद. पुरातनं आलेला कुठलाही लग्नाचा फोटो घ्या, त्याच्या चारी बाजूंना ही रंगांची पट्टी याच क्रमानं दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती सुंदरही वाटते. मलाही वाटली, खोटं कशाला बोला.

फोटोंचेही प्रकार. आप्पांच्या काळातले ब्लॅक अँड व्हाइट, जाड कागदावरचे, सगळ्यांत चिवट. मिनीलॅबचे रंगीत फोटो लवकर हातात घेतले तर वाचतात. अलीकडं घरच्या प्रिंटरवर काढलेले इंकजेट कामातनं गेलेले. त्यांची शाई पाण्याबरोबर निघून जाते आणि मागं निळ्या-जांभळ्या ढगांचा कागद राहतो. करिझ्मा अल्बम, ज्यांच्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले, त्यांची जाड पानं ओल्या पापडासारखी वाकडी होऊन त्यांचे थर सुटले होते. महागाचं ते टिकाऊ, असं गिऱ्हाइकांना इतकी वर्षं आम्हीच सांगत होतो.

धुवायचं कसं, हे आम्हाला जपाननं शिकवलं.

आमच्या धंद्यात जपान ही लांबची गोष्ट नाही. आप्पांची पहिली कमाई याशिकावर झाली. दोन भिंगांचा, वरनं खाली बघायचा तो कॅमेरा गळ्यात असला की लग्नघरात फोटोग्राफरला पहिल्या पंगतीचा मान. कोल्हापूर-सांगलीकडं एक जमाना असा होता की कॅमेरा म्हणजे याशिकाच. मग मामिया आला, निकॉन आला. दुकानाच्या पाट्यांवर फुजीचा हिरवा आणि कोनिकाचा निळा रंग चढला. आमचा मिनीलॅब नोरित्सूचा, वाकायामा नावाच्या जपानी शहरातल्या कंपनीचा. त्या कंपनीचा संस्थापक कानिची निशिमोतो यानं १९५१ मध्ये पहिलं जे यंत्र काढलं, ते फोटो धुण्याचं होतं. त्याआधी छापलेले फोटो वाहत्या पाण्यात हातानं हलवत बसावं लागे. आमच्या मोरीतही आप्पा तेच करायचे, नळाखाली टब लावून, तासभर.

पण ज्यांनी हे कॅमेरे केले ते लोक स्वतः कसले फोटो काढतात, हे आमच्या गावीही नव्हतं. मुलगा कलेच्या कॉलेजात, कलानिकेतनला, शिकायला लागला तेव्हा घरात ती नावं आली. त्यानं एकदा आप्पांना दाइदो मोरियामाचा १९७१ चा भटका कुत्रा दाखवला. मिसावा गावातला, मान वळवून बघणारा, काळाकुट्ट, सगळा फोटो दाणेदार. आप्पांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, ''डेव्हलपर गरम झालाय. पार्टी पैसे देणार नाही.'' मुलगा बिचारा समजावून सांगत राहिला की तिथल्या तरुण फोटोग्राफरांनी १९६८ मध्ये एक नियतकालिक काढलं, गुळगुळीत, नेटके फोटो नाकारले, वगैरे. आप्पांचं म्हणणं एवढंच की कुत्रा चांगला आहे, फोटो परत काढायला पाहिजे.

त्याच मुलानं, आजींचा अल्बम टेबलावर पडलेला बघून, रात्री जपानी लोकांनी काय केलं होतं ते शोधून काढलं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्सुनामी आली, गावंच्या गावं वाहून गेली. ढिगारे उपसणाऱ्या जवानांना आणि स्वयंसेवकांना चिखलात फोटो सापडायला लागले. ते कुणी फेकले नाहीत. शाळांच्या व्यायामशाळांत नेऊन ठेवले. फुजीफिल्मनं धुण्याची पद्धत जाहीर केली, कानागावा प्रांतातल्या आपल्या कारखान्यात पाण्याचे टब मांडले, आणि तिथले कामगार नि निवृत्त लोक फोटो धुवायला बसले. लाखाच्या वर फोटो त्यांनी धुतले. मियागी प्रांतातल्या यामामोतो या गावात तर सुमारे साडेसात लाख फोटो गोळा झाले. ते धुऊन, परत कॅमेऱ्यानं टिपून, चेहऱ्यांवरनं शोधता येतील असे ठेवले. लोक दोऱ्यांवर टांगलेल्या फोटोंखालनं फिरत आपली माणसं शोधायचे.

त्सुनामी घरच उचलून नेते, त्यामुळं तिथं फोटो राहिले आणि मालक हरवले. आमच्याकडं पाणी चढतं, आठ-आठ दिवस घरात मुक्काम करतं आणि उतरतं. अल्बम ट्रंकेतच असतो, ट्रंक कॉटखालीच असते. मालक शोधायची गरज नाही, पण त्या आठ दिवसांत जंतूंनी निम्मं काम उरकलेलं असतं. त्यामुळं त्सुनामीपेक्षा आम्हाला जवळचा वाटला तो २०१८ च्या जुलैतला ओकायामा प्रांतातल्या माबी गावचा पूर. तिथं ताकाहाशी ही मोठी नदी फुगली, तिनं तिला मिळणाऱ्या ओदा नदीचं पाणी मागं रेटलं आणि बांध फुटले. नृसिंहवाडीला कृष्णा फुगल्यावर पंचगंगेचं जे होतं तेच. आम्ही त्याला फुगवटा म्हणतो. माबीतही पाणी घरात साचून राहिलं, अल्बम कपाटांतच कुजले, आणि तिथल्या बायाबापड्यांनी एकत्र बसून ते धुतले. मुलानं त्याचा व्हिडिओ लावला तेव्हा आप्पा बराच वेळ बघत होते. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. ट्रे, ब्रश, दोरी, चिमटे.

आमचे ट्रे माळ्यावर होते. डार्करूम बंद झाल्यापासून त्यांत दिवाळीचे आकाशकंदील ठेवायचो. ते उतरवले. आधी अल्बमचं प्रत्येक पान आहे तसं मोबाइलवर टिपायचं, म्हणजे क्रमही राहतो आणि धुताना काही गेलंच तर निदान तेवढं उरतं. मग पानामागनं ब्लेडनं कापून फोटो सोडवायचा. पाणी गारच पाहिजे; कोमट झालं की जिलेटिन सुटायला लागतं. पहिल्या ट्रेमध्ये चिखल उतरतो, दुसऱ्यात मऊ ब्रश, तिसऱ्यात स्वच्छ पाणी, मग दोरीवर. काचेला चिकटलेला फ्रेमचा फोटो ओढायचा नाही; काचेसकटच कॉपी काढायची. ज्या दिवशी हात पुरणार नाहीत त्या दिवशीचे ओले अल्बम प्लॅस्टिकमध्ये बांधून फ्रीझरमध्ये, कारण गारठ्यात जंतू थांबतात. शेजारच्या आइस्क्रीमवाल्यानं आपला एक डीप फ्रीझर आम्हाला दिला. लाइटच्या लपंडावात त्याचा माल आधीच गेला होता.

गल्लीतल्या बायका येऊन बसायला लागल्या. फोटो धुताना बोलणं होतंच. ''ही साडी माझ्याकडंबी हुती.'' ''ह्यो बगा बेंदराचा बैल, रंगवलाय कसला!'' दुसऱ्याच्या घरातली लग्नं, बारशी, डोहाळजेवणं आमच्या हातांखालनं जात होती. एकही फोटो, जपानी प्रदर्शनांत लावतात त्या अर्थानं, चांगला नव्हता. वधू-वर खुर्चीत ताठ, मागं मखमली पडदा, फ्लॅशनं पांढरे पडलेले चेहरे. मी स्वतः काढलेलेही त्यांत निघाले, आणि तेही तसेच होते.

जी गोष्ट मला त्या ट्रेनं शिकवली ती चौथ्या कुठल्या तरी अल्बमपाशी लक्षात आली. कडेचा कुजलेला थर काढावा लागतो, नाहीतर ओल धरून तो आत सरकतो. बोटानं हलकं चोळलं की तो लाल-पिवळा चिकट भाग निघून जातो आणि खाली पांढरा कागद दिसतो. जिथं बोटाला चिकट लागायचं थांबतं, तिथून धड फोटो सुरू होतो. आता ग्रुप फोटो कसा लावतात, बघा. मधोमध नवरा-नवरी, त्यांच्याशेजारी आईवडील, मग मामा, मग गावचे पाटील किंवा साखर कारखान्याचा एखादा संचालक. त्यांना आम्ही फोटोग्राफरच हाताला धरून मध्ये आणतो. कडेला कोण? विधवा आत्या, कामाला आलेली पोरं, कडेवर लेकरू घेतलेली थोरली मुलगी, वाजंत्र्यांतला एखादा. जंतू कडेनं खातात आणि उरलेलं माझं बोट पुसतं. म्हणजे पुरानंतर अल्बममध्ये राहतात ते संचालक.

शिरोळकडच्या एक बाई भावाच्या लग्नाचा अल्बम घेऊन आल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढं. मी फोटोच्या डाव्या कडेवर बोट फिरवणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. ''ऱ्हाऊ द्या ते.'' तिथं गुडघ्यापर्यंतचा परकर, एक पाय आणि कोपराचा तुकडा एवढंच दिसत होतं. बाकी केशरी चिखल. ''ती मी हाय,'' त्या म्हणाल्या आणि हसल्या. ''ल्हानपणाचा माझा ह्यो एकच. पोरींचं कोण काडत हुतं तवा?'' मी तो फोटो तसाच, कुजक्या कडेसकट, पंख्याखाली सावकाश वाळवला. पूर्ण कोरडा झाला की जंतू थांबतात. धोका राहतो, पण थांबतात. मग मोठा स्कॅन काढला. स्कॅनमध्ये वरचा निळा थर गेलेला असला तरी खालच्या पिवळ्यात थोडी रेघ राहते. रंग काढून कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा एक वेणी आणि हनुवटी दिसली. नाक नाही, डोळे नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ट्रेपाशी बसवूनच धुवायचं ठरवलं. कुठं थांबायचं, ते त्यांनी सांगायचं. काम हळू झालं आणि फ्रीझर भरून गेला, पण दुसरा इलाज नव्हता.

त्याच सुमारास घरात वाद झाला. एक जण वडिलांचा फ्रेममधला फोटो घेऊन आला. एकच फोटो, निम्मा चेहरा गेलेला. आमच्या मुलाचं म्हणणं, धुऊन आहे तसा द्यायचा. त्याला आधार होता तो मुनेमासा ताकाहाशी या फोटोग्राफरचा. यामामोतोत धुण्याच्या कामात तो होता. तिथं ज्या फोटोंवर काहीच ओळखू येत नव्हतं, त्यांची पेटी वेगळी काढली होती आणि ते टाकूनच द्यायचे होते. त्यानं ते टाकू दिले नाहीत. २०१२ पासून जपानमध्ये आणि अमेरिकेत त्यांचीच प्रदर्शनं मांडली. भिंतभर फोटो, कुठं नुसता खांदा, कुठं किमोनोची बाही, कुठं फक्त पांढरा डाग. त्यांवर कुणी एक रेघही भरलेली नाही. मुलगा म्हणाला, जे पुरानं केलं तेही त्या फोटोत राहायला पाहिजे.

आप्पा म्हणाले, ''तुझा जपानी भिंतीवर लावील. ह्याला हार घालायचा आहे.''

आप्पांचं म्हणणं कळायला कोल्हापूरची रीत माहीत पाहिजे. इथल्या चित्रकारांनी पोट भरलं ते बरंचसं पोर्ट्रेटवर. बाबूराव पेंटर आणि आनंदराव हे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवत सिनेमाकडं गेले, बाबूरावांनी देशी कॅमेरा केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला त्याच्या आठवणीत कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पण याच गावातल्या गल्लीबोळातले शंभर हात मेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून, त्यांवर ब्रश फिरवून जगत होते. आप्पा त्यांतलेच. साध्या सदऱ्यातल्या शेतकऱ्याला कोट घालायचा, डोक्याला फेटा बांधायचा, बायको पंधरा वर्षं आधी गेलेली असली तरी शेजारच्या खुर्चीत आणून बसवायची. जिवंतपणी फोटोच काढलेला नसेल तर मयताचा काढायचे, आणि मग फिनिशिंगवाल्यानं मिटलेले डोळे उघडायचे. आप्पांनी असे डोळे पुष्कळ उघडलेत. अशा वेळी घरातलं कुणीतरी शेजारी स्टुलावर बसलेलं असायचं. ''नाक एवढं सरळ नव्हतं.'' ''उजवा डोळा जरा बारका.'' ''गंध आडवं न्हवं, उभं लावायचे.'' तो माणूस मान हलवेपर्यंत ब्रश थांबायचा.

आता आप्पांचा हात थरथरतो. त्या दिवशी मुलगा टॅब्लेटवर पेन घेऊन बसला, आप्पा उजवीकडं, आणि गिऱ्हाइकाची आत्या डावीकडं. आत्या म्हणायच्या, ''भिवया जुळलेल्या हुत्या दादाच्या.'' आप्पा म्हणायचे, ''कान भुवईच्या रेषेत घे, वर गेलाय.'' संध्याकाळ झाली. झाल्यावर आत्या म्हणाल्या, ''हां. आता कसा रागावल्यागत बगतोय.'' त्यांना आम्ही दोन्ही दिले, धुतलेला आणि केलेला. हार केलेल्याला घातला. धुतलेला देव्हाऱ्यात ठेवलाय, असं नंतर कळलं.

वादात मी कुणाच्या बाजूची, असं मला घरातले अजून विचारतात. जपानी रीत शुद्ध आहे, हे मला पटतं. हरवलेल्या माणसाच्या फोटोचा मालक कोण हेच माहीत नसताना त्यावर रेघ ओढायचा हक्क कुणाचा? तिथं हात मागं घेणंच बरोबर. पण आमच्याकडं मालक समोर स्टुलावर बसलेला असतो आणि बापाचा चेहरा त्याला तोंडपाठ असतो. त्याच्या आठवणीतनं काढलेला डोळा खोटा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता या दोन्हींपेक्षा निराळंच आलंय. गिऱ्हाईक मोबाइलवर एआयचं ॲप उघडून दाखवतं: फाटका, डागाळलेला फोटो टाकला की क्षणात चकचकीत चेहरा. मान हलते, हसूसुद्धा येतं. छापून द्या म्हणतात, आम्ही देतो, धंदा आहे. पण इचलकरंजीचे एक गृहस्थ प्रिंट हातात घेऊन बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, ''दात आमच्या आईचे नव्हेत हे. तिचा पुढचा एक पडलेला होता.'' यंत्रानं दात कुठून आणला कोण जाणे. त्याच्या शेजारी स्टुलावर कुणी बसलेलंच नव्हतं. मुलगा म्हणतो, त्यालाही सांगता येतं, नीट शब्द द्यावे लागतात. देऊन बघितले. पडलेला दात काही केल्या पडेना.

या सगळ्यात एक सिनेमा घरात तीनदा लागला, 'आसादा-के', २०२० चा. मासाशी आसादा नावाच्या खऱ्या फोटोग्राफरवर आहे. हा गडी त्सू गावचा. आईबाप आणि भाऊ यांना कधी अग्निशमन दलाचे, कधी आणखी कसले कपडे घालून फोटो काढायचा. त्याच फोटोंवर त्याला जपानमधला मोठा किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. आप्पांना हे फार आवडलं. जोतिबाच्या यात्रेत पुठ्ठ्याच्या विमानात खेडूत कुटुंबं बसवून त्यांनी हेच केलं होतं. पुरस्कार तेवढा राहिला. पुढं त्सुनामीनंतर आसादा इवाते प्रांतातल्या नोदा गावात जातो आणि फोटो धुणाऱ्यांबरोबर बसतो. तिथं एक मुलगी रोज येते. तिला वडिलांचा फोटो पाहिजे, आणि घरच्या सगळ्या फोटोंत वडील कुठंच नाहीत. का, तर फोटो काढायचे तेच. इथं आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. आप्पांच्या तरुणपणीचा एकही फोटो आमच्याकडं नाही. याशिका गळ्यात घातलेला तर नाहीच.

अबालाल रहिमान यांची गोष्ट आप्पा नेहमी सांगतात. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर या मोठ्या चित्रकारानं आपली चित्रं पंचगंगेत सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. आप्पांना ती गोष्ट कधी पटली नाही. ''नदीला द्यायला ती काय अस्थी आहेत?'' असं ते विचारतात. पुराच्या त्या दिवसांत, ट्रेमधलं गढूळ पाणी मोरीत ओतताना, त्यांनी तो प्रश्न कुणाला न विचारता परत एकदा विचारला.

२०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेलं, म्हणजे आधीच्यापेक्षा वर. पण या खेपेला भिजलेले अल्बम कमी आले. आंबेवाडी, चिखलीच्या लोकांनी जनावरं हलवली तेव्हाच अल्बमची पेटी ट्रॅक्टरवर टाकली होती. काही जण तर पाऊस लागायच्या आतच आमच्याकडं ठेवायला येतात; आमच्या माळ्यावर आता आकाशकंदिलांना जागा नाही. ज्यांच्याकडं अल्बमच नाहीत, सगळं मोबाइलमध्ये आहे, ती तरुण पोरं निवांत असतात. त्यांचा मोबाइल पाण्यात गेला तर ती आमच्याकडं येत नाहीत, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं जातात, आणि तिथून बहुतेक वेळा हात हलवत परत.

लोकांना मी दोन गोष्टी सांगते. फोटोच्या मागं नावं लिहा, पण मऊ पेन्सिलीनं. जेल पेनची शाई पाण्यात उतरून पुढच्या फोटोच्या तोंडावर बसते. आणि चिकट पानांचे अल्बम घेऊ नका.

माझ्या स्वतःच्या कामात मात्र एक बदल झालाय आणि त्यावरनं रोज वाजतं. लग्नात ग्रुप लावताना मी आता दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी रिकामी जागा सोडते. भिजलंच कधी, तर आधी मोकळी जागा कुजू दे. एडिटिंगला बसणारा पोरगा ती जागा कापून टाकतो. म्हणतो, मॅडम, कम्पोझिशन ढिलं वाटतंय, पार्टी विचारते एवढा मंडप कशाला दाखवलाय. त्याचंही खरं आहे. मी त्याला ओरिजिनल फाइल डिलीट करू देत नाही, आणि छापताना मी स्वतः मशीनवर असले तर न कापलेलाच छापते.